ट्रॅक्टरचा वॉटर पंप : निवड, बदल आणि निगा

ट्रॅक्टर घेतल्यानंतर आपण डिझेल, ऑईल आणि टायर यांच्याकडे नियमितपणे लक्ष देतो. रेडिएटरमध्ये पाणी आहे की नाही हेही सकाळी पाहतो. परंतु ते पाणी इंजिनात सतत फिरविणाऱ्या वॉटर पंपाकडे मात्र तो बंद पडेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा पंप ट्रॅक्टरच्या एकूण किमतीच्या मानाने अगदी किरकोळ भाग आहे. मात्र तो ऐन पेरणीत किंवा मळणीत निकामी झाला आणि चालकाने तसेच काम चालू ठेवले, तर हेड वाकणे, हेड गॅस्केट जळणे, पिस्टन लायनरमध्ये जाम होणे असे नुकसान होते. पंपाचा खर्च वाचविण्याच्या नादात संपूर्ण इंजिन उतरविण्याची पाळी येते. म्हणून पंपाचा बिघाड वेळीच कसा ओळखावा, नवीन पंप कसा निवडावा आणि तो कसा बसवावा याची माहिती प्रत्येक ट्रॅक्टरमालकास असणे जरूर आहे.

(काही ट्रॅक्टरांची इंजिने वाऱ्याने थंड होणारी असतात. त्यांना रेडिएटर व वॉटर पंप नसतो. खालील माहिती पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे.)

पंपाचे काम किती महत्त्वाचे?

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यापैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचेच कामात रूपांतर होते. बाकीची धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. एक साधा हिशेब पाहू. एक लिटर डिझेलपासून सुमारे ८,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. तिच्यापैकी चौथा हिस्सा जरी पाण्यात गेला, तरी तो २,१०० किलोकॅलरीच्या आसपास होतो. ताशी ६ लिटर डिझेल जाळणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये दर मिनिटाला सुमारे २१० किलोकॅलरी उष्णता पाण्यात उतरते. इंजिनात १० लिटर पाणी ८५ अंश सेल्सिअसवर फिरत आहे असे धरले, तर ते उकळीला येण्यास केवळ १५० किलोकॅलरी पुरतात. इंजिनाचे लोखंडही काही उष्णता शोषून घेते, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो. तरीसुद्धा पंप थांबल्यावर पूर्ण भारावरील इंजिन काही मिनिटांतच धोक्यात येते, हे यावरून ध्यानात येईल. 'एवढे तास पुरे करू, मग पाहू' हा विचार म्हणूनच महागात पडतो.

पंपाची रचना

वॉटर पंप इंजिनाच्या पुढील बाजूस, रेडिएटरच्या मागे बसविलेला असतो. विहिरीवरील सेंट्रिफ्युगल पंपाप्रमाणेच त्याचे काम चालते. त्याचे मुख्य भाग असे :

१) बॉडी : ओतीव लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची असते.
२) शाफ्ट आणि बेअरिंग : शाफ्टच्या पुढच्या टोकावर पुली असते. बहुतेक ट्रॅक्टरांत रेडिएटरचा पंखाही तेथेच बसविलेला असतो. त्यामुळे पंख्याचा भार व पट्ट्याचा ताण दोन्ही या बेअरिंगवर येतात.
३) इंपेलर : शाफ्टच्या मागच्या टोकावरील पात्यांची चकती. ही पाणी ढकलते.
४) सील : पाणी बेअरिंगकडे जाऊ न देणारा भाग. यात कार्बनची कडी दुसऱ्या गुळगुळीत कडीवर घासत फिरते. त्या दोहोंमधील पाण्याचा पातळ थर वंगणाचे काम करतो. म्हणून पाण्याशिवाय इंजिन थोडा वेळ जरी चालविले, तरी सील खराब होते.
५) निचऱ्याचे छिद्र : सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये, बॉडीच्या खालच्या बाजूस हे लहान छिद्र असते. सीलमधून झिरपलेले पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावे, यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असते.

हे छिद्र म्हणजे पंपाची तब्येत सांगणारी खूण आहे. काही ठिकाणी त्यातून पाणी ठिबकू लागले की लाकडाची खुंटी ठोकून किंवा चिकट लुकण भरून ते बुजविले जाते. असे कधीही करू नये. छिद्र बुजविल्याने गळती थांबल्यासारखी दिसते, पण तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस धुऊन नेते आणि बेअरिंग गंजून तुटते. मग पंखा हेलकावे खाऊन रेडिएटरच्या जाळीवर आपटतो. एका सीलच्या दुरुस्तीऐवजी पंप, पंखा आणि रेडिएटर या तिन्हींचा खर्च अंगावर येतो.

बिघाड कसा ओळखावा?

इंजिन गरम होते म्हणजे वॉटर पंपच खराब झाला, असे समजू नये. पंप बदलूनही तक्रार तशीच राहिल्याची उदाहरणे पुष्कळ असतात. म्हणून प्रथम पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१) रेडिएटरमधील पाण्याची पातळी.
२) रेडिएटरची जाळी. मळणी यंत्र चालविताना ट्रॅक्टर एकाच जागी उभा असतो आणि उडणारा भुसा जाळीवर बसतो. हवा जाण्यास वाटच राहत नाही. जाळी मऊ ब्रशने किंवा मागच्या बाजूने हवा मारून साफ करावी.
३) पंख्याचा पट्टा. तो सैल, तेलकट किंवा चिरलेला असल्यास पंप आणि पंखा दोन्ही कमी फिरतात.
४) रबरी होज पाईप. खालचा पाईप मऊ पडला असेल तर जास्त वेगावर तो आतून चिकटतो व पाणी अडते.
५) रेडिएटरचे झाकण. त्याची स्प्रिंग किंवा रबरी वॉशर खराब झाल्यास दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते व उतू जाते.
६) थर्मोस्टॅट. तो काढून भांड्यातील पाण्यात लोंबता धरावा आणि पाणी तापवावे. त्यावर लिहिलेल्या तापमानाच्या सुमारास तो उघडला पाहिजे. खराब असल्यास नवीन बसवावा; काढून टाकून तसेच काम चालवू नये. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंड राहते, डिझेल जास्त लागते व लायनरची झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वगळून आतल्या आतच फिरू लागते.
७) हेड गॅस्केट. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा इंजिन ऑईल दुधाळ झाले असेल, तर दोष पंपाचा नसून अन्यत्र आहे.

यानंतर पंपाची तपासणी करावी. इंजिन बंद व पूर्ण थंड असावे, किल्ली काढलेली असावी. पट्टा सैल करून पंख्याची दोन समोरासमोरची पाती हातात धरावीत आणि पुढे-मागे, वर-खाली हलवून पाहावीत. शाफ्ट खडखड हलत असेल तर बेअरिंग संपले आहे. पंखा हाताने सावकाश फिरवावा. खरखर लागली तरी तोच अर्थ. नंतर निचऱ्याच्या छिद्राखाली पाहावे. तेथे पांढरे, हिरवट किंवा तांबूस ओघळ वाळलेले दिसल्यास सील गळत आहे. छिद्राजवळ नुसता ओलसरपणा असल्यास त्यावर लक्ष ठेवावे. थेंब पडत असल्यास पंप बदलण्याची तयारी करावी.

थेंबांचाही हिशेब करता येतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर २० थेंबांचा एक मिलिलिटर धरून तासाला सुमारे १८० मिलिलिटर पाणी जाते. आठ तासांच्या कामात हे जवळजवळ दीड लिटर होते. पाणी कमी झाले की इंजिन जास्त तापते, दाब वाढतो व गळतीही वाढते.

काम अर्ध्यावर असताना काय करावे?

पेरणीचा वापसा निघून जात असतो, मळणीवर मजूर थांबलेले असतात. अशा वेळी निर्णय घेणे कठीण जाते. तो पुढीलप्रमाणे घ्यावा.

* फक्त थेंब पडत आहेत, शाफ्ट हलत नाही, आवाज नाही : हलके काम सुरू ठेवता येईल. दर अर्ध्या तासाने थांबून गळती पाहावी, इंजिन निवाल्यावर पातळी भरावी आणि पंप त्याच आठवड्यात बदलावा.
* शाफ्ट हलतो किंवा घरघर आवाज येतो : काम ताबडतोब थांबवावे. पंखा निखळण्याचा धोका असतो.
* पाण्याची धार लागली आहे किंवा पट्टा तुटला आहे : इंजिन लगेच बंद करावे.
* काटा लाल पट्ट्यात गेला, पण पाणी आहे व पट्टा शाबूत आहे : भार काढावा, इंजिन मंद गतीवर काही मिनिटे चालू ठेवून निवू द्यावे आणि मग बंद करावे.

तापमानाच्या काट्यावर पूर्ण विसंबू नये. पाणी बरेच कमी झाल्यास त्याचा संवेदक पाण्याबाहेर उघडा पडतो आणि इंजिन तापलेले असूनही काटा खाली दिसू शकतो. चढलेला काटा अचानक उतरला म्हणजे संकट टळले असे नव्हे. पाणी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडून गंभीर भाजते. वरचा होज पाईप हाताने सहज दाबला जाईल इतपत इंजिन निवाल्यावर, जाड कापड ठेवून झाकण आधी थोडे फिरवावे, वाफ जाऊ द्यावी आणि नंतर काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये. त्यामुळे हेड किंवा ब्लॉकला तडा जातो.

दुरुस्ती किट की नवीन पंप?

किटमध्ये सामान्यतः बेअरिंगसह शाफ्ट, सील, इंपेलर आणि पॅकिंग असते. ते नव्या पंपापेक्षा स्वस्त पडते. परंतु बेअरिंग व सील प्रेसवर दाबून बसवावे लागतात. हातोड्याने ठोकून बसविलेले बेअरिंग फार दिवस टिकत नाही. शिवाय इंपेलर आणि बॉडी यांच्यातील फट पुस्तिकेत दिल्याइतकीच ठेवावी लागते. फट जास्त राहिल्यास पाणी कमी फेकले जाते, कमी राहिल्यास इंपेलर घासतो.

म्हणून बॉडी चांगली असेल, सील बसण्याची जागा गंजून खड्डे पडलेली नसेल आणि जवळच्या वर्कशॉपमध्ये प्रेस असेल, तरच किट घ्यावे. बॉडीला तडा असेल, आत खड्डे असतील किंवा ऐन हंगामात पुन्हा काम उकरण्याची सोय नसेल, तर संपूर्ण पंप घेणे अंती स्वस्त पडते. जुना पंप 'तयार करून' विकला जातो, तो घेताना आत काय नवीन घातले आहे हे विचारून घ्यावे व हमी लिहून घ्यावी.

नवीन पंप घेताना

दुकानात नुसते ट्रॅक्टरचे नाव सांगून भागत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमध्येही वेगवेगळ्या वर्षी वेगळे पंप बसविलेले असू शकतात. मॉडेल, उत्पादनाचे वर्ष, इंजिन क्रमांक आणि सुट्या भागांच्या पुस्तिकेतील पंपाचा क्रमांक कागदावर लिहून न्यावा. शक्यतो जुना पंप सोबत घेऊन जावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पुढील बाबी ताडून पाहाव्यात.

१) बोल्टच्या छिद्रांची संख्या, जागा व जाडी.
२) बसणाऱ्या पृष्ठभागापासून पुलीच्या बैठकीपर्यंतची उंची. यात थोडा जरी फरक असला तरी पट्टा तिरका चालून लवकर झिजतो, किंवा पंखा रेडिएटरला लागतो.
३) इंपेलरचा व्यास, पात्यांची संख्या आणि पात्यांचे वळण कोणत्या दिशेला आहे ते. वळण उलटे असल्यास पंप बसेल, फिरेल, पण पाणी पुरेसे फेकणार नाही.
४) पाण्याच्या तोंडांचा व्यास आणि बायपासचे छिद्र.
५) पंखा बसविण्याच्या छिद्रांचे अंतर.

शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. सीलमुळे किंचित जड लागणे ठीक आहे. अडखळणे किंवा खरखरणे चालणार नाही. ओतकामात फुगे, भेगा नसाव्यात व पॅकिंगचा पृष्ठभाग सपाट असावा. पॅकिंग सोबत मिळते का ते पाहावे. पक्के बिल घ्यावे. हमीचा दावा बिलाशिवाय मान्य होत नाही. पट्टा आणि होज पाईप जुने झाले असल्यास त्याच वेळी बदलावेत, कारण ते काढण्याची मजुरी पुन्हा लागत नाही.

पंप बसविण्याची पद्धत

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा. बॅटरीची ऋण वायर काढावी.
२) रेडिएटर व ब्लॉकचे नळ उघडून पाणी स्वच्छ भांड्यात काढावे. त्यात कूलंट असल्यास ते उघड्यावर किंवा विहिरीजवळ सोडू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. जनावरे व कुत्री ते चाटतात आणि दगावतात. मुलांपासूनही ते दूर ठेवावे.
३) डायनॅमो किंवा अल्टरनेटर सैल करून पट्टा काढावा. पंख्याची कोणती बाजू रेडिएटरकडे आहे त्यावर खडूने खूण करून पंखा काढावा. पंखा उलटा बसल्यास हवा कमी ओढली जाते.
४) होज पाईप काढावेत. नंतर पंपाचे बोल्ट काढावेत. बोल्ट लहान-मोठ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचे चित्र काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवल्यास घोटाळा होत नाही. लांब बोल्ट आखूड जागी घट्ट केल्यास ब्लॉकला तडा जाऊ शकतो.
५) पंप अडकला असल्यास लाकडी ठोकळ्याने हलके ठोकावे. सांध्यात छिन्नी घालू नये.
६) ब्लॉकवरील जुने पॅकिंग खरडून काढावे. पृष्ठभागावर ओरखडे पडू देऊ नयेत व कचरा पाण्याच्या मार्गात जाऊ नये म्हणून तोंडात कापड घालावे. ते नंतर आठवणीने काढावे.
७) नवीन पॅकिंग कोरड्या व स्वच्छ पृष्ठभागावर ठेवावे. लुकण वापरावयाचे असल्यास अगदी पातळ थर द्यावा. जादा लुकण आत गळून रेडिएटरच्या नळ्यांत अडकते. जे बोल्ट पाण्याच्या पोकळीत जातात, त्यांच्या आट्यांना मात्र लुकण लावावे.
८) सर्व बोल्ट प्रथम हाताने लावावेत. नंतर समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तिकेत दिलेल्या ताणाइतके आवळावेत.
९) पंखा, पट्टा व पाईप जोडावेत. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. फार ताणलेला पट्टा नव्या पंपाचे बेअरिंग खातो, सैल पट्टा घसरतो.
१०) पाणी सावकाश भरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. पाणी भरण्यापूर्वी 'पंप कसा फिरतो ते पाहू' म्हणून इंजिन चालू करू नये.
११) झाकण उघडे ठेवून इंजिन मंद गतीवर चालवावे. थर्मोस्टॅट उघडल्यावर रेडिएटरच्या तोंडातून पाण्याचा प्रवाह दिसू लागतो व पातळी खाली जाते. ती भरून झाकण लावावे. सैल कपडे व उपरणे पंख्यापासून दूर ठेवावे.

पहिल्या काही तासांत निचऱ्याच्या छिद्रातून एखाददुसरा थेंब येऊ शकतो. सीलच्या कड्या एकमेकींवर बसल्या की तो थांबतो. गळती चालूच राहिल्यास पंप परत दाखवावा. एक दिवसाच्या कामानंतर पट्ट्याचा ताण आणि पाण्याची पातळी पुन्हा तपासावी.

पाणी कोणते वापरावे?

नवीन पंप लवकर का गेला, याचे उत्तर पुष्कळदा पाण्यात सापडते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर बाहेर पडतात आणि त्यांची खपली लायनरभोवती व रेडिएटरच्या नळ्यांत बसते. ओतीव लोखंडाच्या मानाने ही खपली उष्णता फार कमी वाहून नेते. तिचे सुटलेले कण सीलच्या कड्यांमध्ये शिरून त्यांना चरे पाडतात. कालव्याच्या गढूळ पाण्यातील रेतीही हेच करते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात भूजल खारे असल्याने तेथील शेतकऱ्यांनी याबाबत विशेष दक्ष राहावे. खाऱ्या पाण्याने गंजही लवकर चढतो.

पावसाचे स्वच्छ पाणी गाळून कॅनमध्ये साठवून ठेवावे. ट्रॅक्टरच्या गरजेपुरते २०-२५ लिटर साठविणे कोणालाही अवघड नाही. ते नसल्यास बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी वापरावे. पाणी उकळून, निववून व गाळून घेतल्याने काही प्रमाणात जडपणा कमी होतो, पण खारटपणा जात नाही. शक्य असल्यास इंजिन उत्पादकाने सांगितलेले कूलंट सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. त्यामुळे गंज रोखला जातो व सीलचे आयुष्य वाढते. निरनिराळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत.

जीप, पिकअप व मोटारगाडीसाठी

भाजीपाला किंवा दूध नेण्यासाठी अनेकांकडे पिकअप किंवा मोटारगाडी असते. त्यांच्या पंपाची तत्त्वे हीच आहेत. मात्र काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो व तो बाहेरून दिसत नाही. पंप जाम झाल्यास टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकू शकतात. अशा गाडीचा टायमिंग बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्यावा. उघडझाक एकदाच होते. हे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. ॲल्युमिनियमचे हेड असलेल्या इंजिनात नुसते पाणी न वापरता कूलंटच वापरावे. अशा इंजिनाच्या सफाईसाठी धुण्याचा सोडा वापरू नये, तो ॲल्युमिनियम खातो.

थोडक्यात लक्षात ठेवावे

* रोज सकाळी : पाण्याची पातळी व पंपाखालील ओल पाहावी.
* दर आठवड्याला : पट्ट्याचा ताण तपासावा, जाळी साफ करावी. मळणीच्या दिवसांत जाळी दररोज साफ करावी.
* खरीप व रब्बी हंगामापूर्वी : पंखा हलवून बेअरिंग तपासावे, होज पाईप व झाकण पाहावे.
* पंपाला ग्रीस निप्पल असल्यास पुस्तिकेप्रमाणे मोजकेच ग्रीस भरावे. जादा ग्रीसमुळे सील बिघडते. निप्पल नसल्यास बेअरिंग बंदिस्त असते, त्यास ग्रीस लागत नाही.
* निचऱ्याचे छिद्र कधीही बुजवू नये.
* पंप बदलल्याची तारीख आणि मीटरवरील तास वहीत लिहून ठेवावेत. पुढील पंप किती तास टिकला, हे त्यावरूनच कळेल.

पंपाची तपासणी हंगाम सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस केली, तर दुकाने फिरून योग्य पंप निवडण्यास व चांगला मिस्त्री गाठण्यास वेळ मिळतो. वापसा आल्यावर मिळेल तो पंप मिळेल त्या किमतीत घ्यावा लागतो. तेव्हा आपल्या ट्रॅक्टरच्या पंपाखाली आजच एकदा वाकून पाहावे.